पटल्यांची अहिल्या

कनेरटोल्यात पटल्यांची घरं इतकी की 'पटल्यांची सून' एवढ्यावर कुणाचा पत्ता लागायचा नाही. पण 'पटल्यांची अहिल्या' म्हटलं की गावातलं शेंबडं पोरही मुन्नालाल पटल्यांच्या घराकडे बोट करायचं. तिचं खरं नाव सुखवंता. बापानं मोठ्या आशेनं ठेवलेलं हे नाव सासरी आल्यावर वर्षभरात मागे पडलं. आधी वाटायचं, लोकांनी मान दिला. मग कळलं की मान हाही खुंटाच असतो, फक्त त्याला झेंडूची माळ घातलेली असते.

गोष्ट सुरू झाली १९९९च्या वसंत पंचमीला. कनेरटोला इटियाडोह धरणाच्या कालव्यावर भिजणारं धानाचं गाव, आणि वस्ती बहुतेक पवार समाजाची; पटले हे त्यांतलंच एक कूळ. पवारांचे पूर्वज माळव्यातून आले, म्हणून वसंत पंचमीला तालुक्याच्या गावी राजा भोजाची जयंती दणक्यात होते. गावोगावच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सजतात, त्यांवर झाक्या, म्हणजे सोंगं घेतलेल्या माणसांचे देखावे, बसतात, पुढे बँड आणि मागे फटाके. त्या वर्षी कनेरटोल्याच्या वाट्याला इतिहासातल्या थोर स्त्रिया आल्या. त्यांत अहिल्याबाई माळव्याची राणी, म्हणजे आपलीच, म्हणून तिचा मान मोठा. आपले पूर्वज माळवा सोडून कधी निघाले आणि ही बाई राज्य कधी करत होती, याचा मेळ कुणी घालून पाहिला नाही. मिरवणुकीत इतिहासाला एवढं कोण विचारतं?

मान मोठा, पण बसायला कुणी तयार होईना. राणी दुर्गावतीसाठी पोरींची भांडणं लागली, कारण तिला तलवार होती. जिजाऊंना दागिने होते, सावित्रीबाईंना पाटी-पुस्तक होतं. अहिल्याबाईंना काय, तर पांढरं लुगडं, कोरं कपाळ आणि हातात महादेवाची पिंड. उपवर पोरींच्या आयांनी कानावर हात ठेवले. सवाष्णींनी तर विषयच काढू दिला नाही. नवरा जिवंत असताना पांढरं नेसायचं म्हणजे यमाला घरचा रस्ता दाखवण्यासारखं. शेवटी जयंती समितीचे अध्यक्ष मुन्नालाल पटले यांची अब्रू पणाला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं. घरात नवी सून होती. नव्या सुनेला 'नाही' हा शब्द अजून फुटलेला नसतो.

खरं सांगायचं तर सुखवंताला नाही म्हणायचंही नव्हतं. तिचं माहेर चिचगडकडचं, चारी बाजूंनी जंगल. बारावीपर्यंत शिकली होती आणि शाळेच्या कपाटातल्या थोर बायकांच्या सगळ्या गोष्टी वाचून संपवल्या होत्या. अहिल्याबाई तिला पाठ होती. ती दरबारात बसून न्याय कसा करायची, दूरदूरच्या तीर्थांवर घाट कसे बांधायची, सगळं. तिला वाटलं, दोन वाक्यं तरी बोलायला मिळतील. तिनं नवऱ्याला, ओमेश्वरला, हळूच विचारलं. त्यानं बापाला विचारलं. उत्तर आलं की अहिल्याबाई बोलत नाही, खाली नजर करून बसते.

आता प्रश्न उरला सासूबाईंचा. निर्मलाबाईंचा देवावर विश्वास होता, पण नजर लागण्यावर त्याहून जास्त. पांढऱ्या लुगड्याचा दोष उतरावा म्हणून त्यांनी आपलं शास्त्र काढलं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. हिरव्या बांगड्या दंडावर चढवून लांब बाह्यांखाली दडवलेल्या. भांगात कुंकू भरून वरून पदर. आणि सगळ्यांत मोठा तोडगा म्हणजे ओमेश्वरनं ट्रॉलीच्या पुढे चालायचं. नवरा सतत डोळ्यांपुढे असला की पांढरं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते त्यांनाच ठाऊक.

मग व्हायचं ते झालं. सुखवंता वर पिंड घेऊन बसलेली आणि हा पठ्ठ्या ट्रॉलीपुढे उलटा चालतोय. कधी बँडमास्तरसारखे गाल फुगव, कधी बापासारखा पोटावर हात फिरव. ती आतून गाल चावायची, श्वास कोंडून धरायची, नजर खाली रोवायची. हसू दाबता दाबता तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की रस्त्याच्या कडेच्या बाया हात जोडायच्या. काय गंभीर मुद्रा, काय वैराग्य! सगळ्या शोभायात्रेत कनेरटोल्याची झाकी पहिली आली. मुन्नालालांचा ऊर भरून आला. वर्षभर सुनेनं ज्यांच्या पाया पडायचं, त्या सासऱ्यानं त्या दिवशी ट्रॉली निघताना अहिल्याबाईला वाकून नमस्कार केला होता. घरी येताच निर्मलाबाईंनी तिला सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायला लावून ती फेड करून घेतली.

तिथून ती पटल्यांची अहिल्या झाली. दर वसंत पंचमीला झाकी ठरलेलीच. शिवाय आठ मार्चला शाळेत, सरपंचाच्या कार्यक्रमात, कुठल्या पतसंस्थेच्या उद्घाटनात तिला पांढरं नेसवून स्टेजवर बसवायचे आणि भाषण दुसराच कोणी ठोकायचा. एकदा एका पाहुण्यानं अहिल्याबाईचं सासर साताऱ्याला नेऊन ठेवलं. सुखवंताच्या जिभेला खाज सुटली. पण बोलणारा चुकला म्हणून मखरातल्या मूर्तीनं तोंड उघडायचं नसतं.

हे सगळं वर्षातल्या चार दिवसांपुरतं असतं तर ती हसून विसरली असती. पण झाकी ट्रॉलीवरून उतरून घरात आली. मुलगी झाली, भूमेश्वरी, आणि ती जरा मोठी झाल्यावर सुखवंतानं डी.एड. करायचा विषय काढला. मुन्नालाल म्हणाले, अहिल्याबाई काय कालेजात गेली होती? रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत चिखलात उतरून गाणी म्हणायला तिला आवडायचं. सासरे म्हणाले, लोक जिच्या पाया पडतात, तिनं गुडघ्यावर लुगडं खोचून धानाच्या बांधीत वाकायचं? विहिरीवर मोठ्यानं हसली तर निर्मलाबाई म्हणायच्या, अहिल्याबाई अशी हसते का? बाजारात गाड्यावर उभं राहून गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खाल्ली तर ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली. रागावून कुणी कधी बोललं नाही, मारझोड तर नाहीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि दाबणारा हात कौतुकाचा. कौतुकाशी भांडायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ज्या बाईनं उभ्या हिंदुस्थानात घाट बांधले, तिचं नाव घेऊन एका बाईला घराच्या ओट्याखाली उतरू देत नव्हते. मला तर याचा राग येतो. सुखवंताला तेव्हा राग येत नव्हता, नुसतं गुदमरल्यासारखं व्हायचं. ओमेश्वर होता म्हणून चालून जायचं. बापासमोर तो मान हलवायचा, पण खोलीत आल्यावर बापाची नक्कल करून तिला पोट धरून हसवायचा.

२००८च्या पावसाळ्यात ओमेश्वर बांधावरचं गवत कापताना सापाला बळी पडला. दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच गेला. सुखवंता अठ्ठावीस वर्षांची, भूमेश्वरी दुसरीत.

तेरवी उरकली आणि गाव कुजबुजायला लागलं. सवाष्ण असून पांढरं नेसली, एकदा नव्हे, दरसाल. लागलं ना शेवटी! निर्मलाबाईंनी तर मनातल्या मनात त्या साली काय चुकलं याचा शोध लावला. त्या वसंत पंचमीला ट्रॅक्टर चिखलात फसला होता आणि ओमेश्वर पुढून मागे जाऊन धक्का मारत होता. तेवढा वेळ तो बायकोच्या नजरेआड झाला. बस, तिथंच घात झाला. त्या हे सुनेला दोष देऊन सांगायच्या नाहीत. स्वयंपाकघरात बसून रडत रडत सांगायच्या, मीच त्याले पुढे उभा रहा म्हणून ओरडली नाही. सुखवंताला ठाऊक होतं की साप ट्रॉली पाहून चावत नाही. तरी काही रात्री तिलाही वाटायचं, मी मान वळवून त्याला पाहिलं असतं तर? दुःख माणसाला इतकं खुळं करतं की शिकलेलं सगळं पाण्यात जातं.

आता ती खरोखर कोऱ्या कपाळाची झाली, तर झाकीतून तिचं नाव कटलं. राजा भोजाची मंगल मिरवणूक, त्यात विधवा कशी चालेल? विधवा राणीचं सोंग करायला सवाष्ण लागते आणि खरी विधवा अपशकुनी, हा आमच्या माणसांचा हिशोब. दुसरी कुणी बसेल म्हणावं, तर ओमेश्वरचं पाहून गावातली एक बाई पांढऱ्या लुगड्याला हात लावेना. दोन वर्षं झाकी अहिल्याबाईविना गेली. पुढच्या वर्षी तिच्या जागी फ्लेक्सवरचं चित्र उभं केलं, ते वाऱ्यानं चौकातच फाटलं. लोक हसले. मुन्नालालांना पोरगा गेल्यानंतर प्रथमच कुणी इतकं खाली पाहायला लावलं होतं.

सुखवंताच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. गावच्या अंगणवाडीच्या सेविका गीताबाई शेजारच्याच. त्यांचं वय झालं होतं आणि जागा निघणार होती. त्या तिला येता-जाता सांगायच्या, तू बारावी आहेस, विधवेला आधी घेतात, पण बत्तिशी ओलांडली की दार बंद. सुखवंतानं दोनदा घरात विषय काढला होता. दोन्ही वेळा मुन्नालालांनी एकच सांगितलं की पटल्यांची सून लोकांच्या पोरांची नाकं पुसणार नाही. आणि आता तिला बत्तिसावं लागलं होतं. भूमेश्वरीला पुढे शिकवायचं तर आपण आधी घराबाहेर पडलं पाहिजे, नाहीतर उद्या पांढरं लुगडं नाही, पण असलंच काहीतरी त्या पोरीच्या अंगावर पडेल, हे तिला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं.

२०१२च्या वसंत पंचमीच्या आधी समितीची माणसं ओट्यावर जमली. शालीकराम नावाचे सभासद होते, त्यांनी तोड काढली. म्हणाले, "मुन्नालालजी, तुमच्याच सुनेले बसवा. तिले आता कायचं भेव? जे जायाचं होतं ते गेलं." ट्रॉली मात्र वेगळी, सगळ्यांत शेवटी, म्हणजे राजा भोजाला अपशकुन नको. सगळ्यांना हे फार पटलं. माणूस किती सहज क्रूर होतो, आणि वर आपण मार्ग काढला म्हणून खूश होतो!

त्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. सून दाराआडून सासूला सांगणार, सासू तेच शब्द उचलून नवऱ्याला सांगणार, आणि तो तीन हातांवर बसून आधीच सगळं ऐकलेला. तसं सुखवंतानं निर्मलाबाईंना सांगितलं की मी बसते, पण मग अंगणवाडीच्या मुलाखतीला जाऊ द्या. निर्मलाबाईंनी ते ओट्यावर पोचवलं. समितीची माणसं मुन्नालालांकडे पाहू लागली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चारचौघांत शब्द दिला, जाऊ दे म्हणा.

ती बसली. मंगळसूत्र लपवायचं नव्हतं, बांगड्या चढवायच्या नव्हत्या, तयारीला वेळच लागला नाही. ट्रॉली हलली आणि समोरचा रिकामा रस्ता दिसला तेव्हा तिला इतकं एकटं वाटलं की तिनं नजर खाली केली, आणि मग आसवं थांबेचनात. हातातली पिंड ओली झाली. बाजूच्या बाया एकमेकींना दाखवू लागल्या. कुणीतरी नारळ ठेवला. एका बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू तिच्या मांडीवर टेकवलं. म्हाताऱ्या माणसांनी ट्रॉलीच्या फळीला हात लावून ते कपाळाला लावले. शेवटी ठेवलेल्या ट्रॉलीपाशी सगळ्यांत मोठी गर्दी झाली. सुखवंताला ओरडून सांगावंसं वाटलं की मी देवी नाही, माझा नवरा गेलाय, मला घरी जाऊ द्या. पण वाजंत्री जोरात होती आणि अहिल्याबाई बोलत नसते.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी ओट्यावर पुन्हा तीच माणसं, कालच्या गर्दीच्या गप्पा, चहाच्या फेऱ्या. तेवढ्यात गीताबाई आल्या. उद्या सकाळी अकराला मुलाखती आहेत, सुखवंताला वेळेवर पाठवा, पहिल्या बसनं निघू, असं सांगून त्या पायरीशीच उभ्या राहिल्या. मुन्नालाल हसले. समजुतीच्या स्वरात म्हणाले की गीताबाई, आता ते जमायचं नाही. काल माणसं पाया पडून राहिले होते, लेकरं मांडीवर देत होते. अशा बाईनं उद्या खिचडी वाटायची? लोक काय म्हणतील? शालीकरामांनी मान डोलावली. शब्द दिला होता हे कुणालाच आठवेना. किंवा आठवत असेल, पण मानाच्या ओझ्याखाली तो चिरडला तरी पाप लागत नाही असं त्यांना वाटत असावं. आणि मुन्नालाल लबाडीनं बोलत नव्हते, हेच वाईट. त्यांना खरंच वाटत होतं की आपण सुनेला आणखी वर चढवतोय.

दाराआड सुखवंता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बसली नसती तर मुलाखतीची वाट तेव्हाच बंद झाली असती. बसली, तर बसल्याबद्दलच अडकली. नीट निभावलं तर देवी, चुकली तर कुळाला बट्टा, इकडे आड तिकडे विहीर. निर्मलाबाई तिच्याकडे पाहत होत्या. नेहमीप्रमाणे ती काही सांगेल आणि आपण ते पुढे सांगू, म्हणून त्यांनी कान पुढे केला.

सुखवंतानं ट्रे खाली ठेवला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती चौकट ओलांडून ओट्यावर आली.

"मामाजी," ती म्हणाली, आणि सासऱ्याला तिनं तोंडावर हाक मारायची ही पहिलीच वेळ होती. "अहिल्याबाईचा नवरा मेला, तवा ते सती जाऊन राहिली होती. तिले कोनं अडवलं, ठाऊक आहे तुमाले?"

शालीकराम कपातल्या चहाकडे पाहत राहिले.

"सासऱ्यानं अडवलं. मल्हाररावानं. मने, माहा पोरगा गेला, आता तूच माहा पोरगा. अना कारभार शिकवला, राज्य तिच्या भरवशावर सोडून स्वतः लढाईले गेला. तो सासरा होता मनून अहिल्याबाई झाली." तिनं ओट्यावरच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "इतके वर्स तुमी माले अहिल्याबाई बनवून लोकाईले दाखवून राहिले, मामाजी. पर तुमी एक दिवस मल्हारराव काई झाले नाई."

ती आत गेली. समितीची माणसं एकेक करून चपला शोधू लागली. गीताबाई डोळे पुसत पायरीवरून उतरल्या. मुन्नालाल तिथंच बसून राहिले. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाले. झोपताना त्यांनी भिंतीवरच्या पोराच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, असं निर्मलाबाईंनी मागाहून सुनेला सांगितलं.

सकाळी सुखवंतानं भूमेश्वरीची वेणी घातली, भाकरी बांधून घेतली आणि निळी साडी नेसली. निर्मलाबाईंनी पाहिलं आणि चुलीत उगाच फुंकर मारली. ओट्यावर मुन्नालाल रोजच्यासारखे पायरीच्या तोंडाशी पाय पसरून बसले होते. उतरायची वाट तेवढीच. सासऱ्याचे पाय ओलांडून जाणं म्हणजे सात पिढ्यांचा अपमान. सुखवंता पिशवी धरून उभी राहिली. बसचा हॉर्न फाट्यावर वाजला.

मुन्नालाल 'जा' म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. फक्त पाय जवळ ओढून घेतले.